थायलंडमध्ये संसार थाटताना: राहण्याचा परवाना आणि मुलांचं नागरिकत्व

बँकॉकमध्ये नवीन आलेलं मराठी माणूस भेटलं आणि जोडीदार थाई आहे असं कळलं, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच, "मुलाचे दोन्ही पासपोर्ट काढता येतात ना?" युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या शेजाऱ्यांच्या मुलांकडे दोन-दोन पासपोर्ट असतात, ते पाहून हा प्रश्न पडतो. उत्तर असं की थायलंडची यात आडकाठी नाही, भारताची आहे. हे एकदा नीट लक्षात आलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. मी सांगलीची, नवरा थाई, मुलाचा जन्म २०१८चा बँकॉकमधला. कागद चुकीच्या क्रमाने गोळा केल्यामुळे आम्ही जे हेलपाटे घातले ते तुम्हाला पडू नयेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी लग्नाची नोंद

देवळात लग्न झालं, भिक्खूंनी पाणी शिंपडलं, सांगलीत मांडवही पडला, तरी थाई सरकारच्या लेखी यातलं काहीच लग्न नाही. नोंद व्हावी लागते ती अम्फोमध्ये, म्हणजे तालुका कचेरीत. बँकॉकमध्ये तिला खेत म्हणतात. (हा शब्द आपल्याच 'क्षेत्र'वरून आलेला. असे शब्द इथे पावलोपावली भेटतात आणि कचेरीतली भीती जरा कमी करतात. जन्मदाखल्याला 'सूतिबात' म्हणतात, त्यात आपलं 'सूति' आणि 'पत्र' लपलेलं आहे.)

लग्न थायलंडमध्ये नोंदवायचं असेल तर भारतीय जोडीदाराने सुखुमवित सोई २३ वरच्या भारतीय दूतावासातून लग्नाला मोकळे असल्याचं पत्र घ्यायचं. त्याचं थाई भाषांतर करायचं आणि ते चेंग वत्थना रस्त्यावरच्या थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागातून प्रमाणित करून घ्यायचं. मग दोघांनी खेतमध्ये जायचं. कागद बरोबर असतील तर नोंद त्याच दिवशी होते. तिथून तुम्हाला लग्नाचं प्रमाणपत्र मिळतं, त्याला 'खॉर रॉर ३' म्हणतात. आणि नोंदवहीचा उतारा मिळतो, तो 'खॉर रॉर २'. दुसरा कागद साधा दिसतो म्हणून लोक तो बाजूला टाकतात. पण दर वर्षी परवाना वाढवताना इमिग्रेशनला तोच ताजा हवा असतो.

लग्न भारतात झालं असेल, म्हणजे १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन, तर ते प्रमाणपत्र आधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करा. मग दिल्लीच्या थाई दूतावासातून किंवा मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासातून प्रमाणित करा, आणि थायलंडमध्ये भाषांतर करून खेतमध्ये 'खॉर रॉर २२'ची नोंद घ्या. परदेशात झालेलं लग्न थाई दप्तरी चढवण्याची ही नोंद आहे. हे सगळं भारतात असतानाच उरकून या. इथे आल्यावर तिकडच्या शिक्क्यासाठी कागद कुरिअरने पाठवत बसणं फार जिवावर येतं.

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांनाही लग्न नोंदवता येतं आणि जोडीदार म्हणून राहण्याचा परवाना मिळतो. भारत हे लग्न मानत नाही, त्यामुळे पुढे ज्या ओसीआयबद्दल (भारताच्या आयुष्यभराच्या व्हिसासारखं कार्ड) सांगणार आहे ते अशा जोडीदाराला लग्नाच्या आधारावर मिळत नाही.

नावाचं स्पेलिंग: इथे थांबा

ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

माझं नाव गिरिजा. थाई भाषेत 'ग' नाही आणि 'ज'ही नाही. लग्नाच्या वेळी भाषांतरकाराने 'ग'च्या जागी 'ख'सारखं अक्षर घेतलं आणि 'ज'च्या जागी 'छ'सारखं. त्यामुळे थाई कागदावर मी झाले 'खिरिछा'. मुलाच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलमधल्या बाईंनी कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं, 'किरिचा'. मी नुकतीच बाळंत झालेली, नवरा धावपळीत, कुणी पाहिलंच नाही. काही महिन्यांनी मुलाच्या कागदांसाठी खिडकीशी गेलो, तेव्हा समोरच्या बाईंनी लग्नाचा दाखला आणि जन्मदाखला शेजारी-शेजारी ठेवले, दोन्हींवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आई कोणती?"

दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र खेतमधून काढावं लागलं. माझा पासपोर्ट, त्याचं भाषांतर, ओळखीचे साक्षीदार आणि नवऱ्याची अर्ध्या-अर्ध्या दिवसाची रजा तीनदा, एवढं सगळं त्यात गेलं. म्हणून सांगते, पहिलं भाषांतर करतानाच तुमच्या नावाचं थाई लेखन ठरवा. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून कायम जवळ ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर, हॉस्पिटलमध्ये, बँकेत, शाळेत तोच दाखवा. गायकवाड, जगताप, झेंडे, घोरपडे अशी आडनावं असतील तर जास्तच काळजी घ्या. बाळाचं आडनाव वडिलांचं भारतीय आडनाव असेल, तर थाई पासपोर्ट काढताना वडिलांचा पासपोर्ट पुढे करा आणि रोमन स्पेलिंग त्याप्रमाणेच घ्यायला सांगा. नाहीतर थाई अक्षरांवरून उलटं रोमन लिप्यंतर होतं आणि बापलेकांची आडनावं वेगळी दिसायला लागतात.

तारखांचंही तसंच. थाई कागदावर बौद्ध संवत असतं, आपल्या सनात ५४३ मिळवलेलं. २५६१ म्हणजे २०१८. भाषांतरात हा आकडा चुकलेला मी स्वतः दोन कुटुंबांच्या कागदांत पाहिला आहे. भाषांतर हातात पडलं की पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून वाचा.

राहण्याचा परवाना

थाई जोडीदार असलेल्यांचा मुख्य रस्ता म्हणजे नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा. भारतातून तो थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरून मागता येतो. १ जानेवारी २०२५ पासून भारतात हीच पद्धत आहे. पर्यटक म्हणून किंवा व्हिसामाफीवर आधीच इथे आला असाल तर इमिग्रेशनमध्ये अर्ज करून, २,००० बाट भरून, तो इथेच बदलून घेता येतो. फक्त हातात पुरेसे दिवस शिल्लक असायला हवेत. शेवटच्या आठवड्यात धावत जाऊ नका, कमीत कमी तीन आठवडे हाताशी ठेवा.

हा व्हिसा ९० दिवसांचा. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. त्या ९० दिवसांच्या शेवटच्या महिन्यात एक वर्षाची मुदतवाढ मागायची, आणि मग दर वर्षी तेच. अर्जाचा नमुना 'टीएम ७', शुल्क १,९०० बाट.

पैशाच्या अटीत बायका आणि पुरुष यांच्यात फरक आहे. बायको थाई आणि नवरा परदेशी असेल, तर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर थाई बँकेत ४,००,००० बाट अर्जाआधी किमान दोन महिने पडून असले पाहिजेत, किंवा त्याचं उत्पन्न महिना ४०,००० बाट हवं. आपल्या रुपयांत ही ठेव दहा लाखांच्या वर जाते, आणि ती दर वर्षी दाखवायची असते. नवरा थाई आणि बायको परदेशी असेल, तर नियमात अशी रक्कम नाही. हा फरक मला पटत नाही, पण नियम तसा आहे. मला त्याचा फायदा झाला आणि माझ्या ओळखीच्या साताऱ्याच्या एका तरुणाला त्याच नियमापायी भारतातून पैसे आणताना वर्षभर ओढाताण करावी लागली. त्याचं चुकलं ते एवढंच, की पैसे अर्जाच्या पाच आठवडे आधी जमा झाले. रक्कम पुरेशी, दिवस अपुरे. तेव्हा लग्न ठरलं की बँक खात्याच्या मागे लागा, व्हिसाच्या नाही.

मुदतवाढीच्या दिवशी दोघांनी जायचं असतं. बँकॉककरांचं कार्यालय चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात, बी इमारतीत आहे. परराष्ट्र मंत्रालयाचा कॉन्सुलर विभाग त्याच रस्त्यावर पण वेगळ्या इमारतीत. टॅक्सीवाल्याला नुसतं 'चेंग वत्थना' सांगितलं की हमखास गोंधळ होतो. बरोबर न्यायचं ते असं: पासपोर्ट आणि त्याच्या सगळ्या शिक्क्यांच्या प्रती, थाई जोडीदाराचं ओळखपत्र, निळं घरनोंदीचं पुस्तक म्हणजे 'थाबियन बान', खॉर रॉर ३, ताजा खॉर रॉर २, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, घराचा हाताने काढलेला नकाशा, आणि घरातले दोघांचे फोटो. फोटो घराच्या बाहेरचेही लागतात, दारावरचा घरक्रमांक दिसेल असे. आमच्या पहिल्या वर्षीच्या फोटोत क्रमांकाच्या पाटीवर गुढीपाडव्याचं तोरण आलं होतं आणि शेवटचा आकडा झाकला गेला. अधिकाऱ्याने तोरण कसलं ते कौतुकाने विचारलं, आणि फोटो परत काढायला पाठवलं. प्रतीच्या प्रत्येक पानावर सही लागते. दोन संच करा. पतीच्या किंवा पत्नीच्या कागदांवर तिने किंवा त्याने स्वतःच सही करायची.

त्या दिवशी बहुधा पूर्ण वर्ष मिळत नाही. 'विचाराधीन' असा ३० दिवसांचा शिक्का मिळतो, आणि ठरलेल्या तारखेला परत गेल्यावर वर्षाचा. मधल्या काळात अधिकारी घरी येऊ शकतात, शेजाऱ्यांशी बोलू शकतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. सासूबाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

आता रोजच्या पाळायच्या चार गोष्टी. पत्त्याची नोंद 'टीएम ३०' घरमालकाने किंवा घर ज्याच्या ताब्यात आहे त्याने २४ तासांत करायची असते. नवरा किंवा बायको घरमालक असेल तर जबाबदारी त्यांची. ती नसली की मुदतवाढीच्या खिडकीवर अडवतात. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, नमुना 'टीएम ४७', तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. चुकलात तर २,००० बाट दंड. भारतात जाताना पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता विमानात बसलात तर वर्षाचा परवाना तिथेच संपतो. एका फेरीचा १,००० बाट, कितीही फेऱ्यांचा ३,८००. घरी वडीलधारी आजारी असतील तर कितीही फेऱ्यांचाच घ्या. रात्री फोन आला तर कार्यालय उघडायची वाट पाहावी लागत नाही. आणि १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी माणसाने थायलंडमध्ये शिरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्रक भरायचं आहे, वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्यांनीसुद्धा.

मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. ९० दिवसांच्या पुढे गेलात तर दंड भरूनही परत यायला बंदी लागते. पोरं-बाळं इथे असताना ही वेळ येऊ देऊ नका.

या परवान्यावर नोकरी करता येते, पण कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो. तो नसताना सासऱ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणंही अंगाशी येऊ शकतं.

घटस्फोट झाला किंवा जोडीदार गेला तर लग्नाच्या आधारावरची पुढची मुदतवाढ मिळत नाही. मूल थाई असेल आणि २० वर्षांच्या आतलं असेल तर आई किंवा वडील म्हणून मुदतवाढ मागता येते. त्यासाठी तुम्ही कायद्याने पालक असायला हवं. आईचा प्रश्न येत नाही. पण लग्न न नोंदवता मूल झालं असेल तर वडिलांचं नुसतं नाव जन्मदाखल्यावर असून भागत नाही, पितृत्वाची वेगळी नोंद करावी लागते. म्हणूनच मी लग्नाची नोंद आधी म्हणते.

दहा वर्षांचा एलटीआर व्हिसा किंवा २०२४ पासूनचा पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा यांबद्दलही लोक विचारतात. ते श्रीमंत गुंतवणूकदार, तज्ज्ञ, दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी इथून काम करणारे अशांसाठी आहेत. थाई कुटुंब असेल तर ओ व्हिसाच स्वस्त आणि सरळ पडतो.

बाळ झालं: पहिल्या वर्षाचा हिशेब

थायलंडच्या १९६५च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार आई किंवा वडील यांपैकी कुणीही एक थाई असेल तर मूल जन्मतः थाई, मग ते बँकॉकात जन्मो की पुण्यात. १९९२च्या दुरुस्तीआधी परदेशात जन्मलेल्या, परदेशी वडील असलेल्या मुलांना थाई आईकडून हा हक्क मिळत नव्हता. त्यामुळे जुन्या पिढीतल्या लोकांचे अनुभव तुमच्या बाळाला लावू नका.

१५ दिवसांच्या आत खेत किंवा अम्फोमध्ये जन्म नोंदवा, जन्मदाखला घ्या आणि बाळाचं नाव निळ्या थाबियन बानमध्ये चढवा. सातव्या वर्षी थाई ओळखपत्र मिळतं. बाळ भारतात जन्मलं तर मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासातून किंवा दिल्लीच्या दूतावासातून थाई जन्मदाखला काढायचा.

आता थांबा. थाई पासपोर्ट काढायच्या आधी भारतीय बाजूचा विचार करा.

भारताबाहेर जन्मलेलं मूल आपोआप भारतीय नागरिक होत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ खाली जन्मापासून एक वर्षाच्या आत दूतावासात नोंद करावी लागते. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. ही नोंद करताना आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही. म्हणजे थाई पासपोर्ट आधी काढलात तर हे दार बंद झालं. हौसेने पहिल्या महिन्यात बाळाचा थाई पासपोर्ट काढून मग भारतीय नोंदीसाठी गेलेली आणि हात हलवत परत आलेली दोन जोडपी मला माहीत आहेत.

तेव्हा रस्ते दोन.

पहिला: थाई पासपोर्ट आणि ओसीआय. ओसीआय म्हणजे भारताचा आयुष्यभराचा व्हिसा समजा. नाव 'भारताचे परदेशी नागरिक' असं असलं तरी ते नागरिकत्व नाही. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण भारतात कितीही दिवस राहता येतं, शिकता येतं, खासगी नोकरी करता येते. आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय नागरिक असेल तर अल्पवयीन मुलाला ते मिळतं.

दुसरा: कलम ४ खाली नोंद आणि भारतीय पासपोर्ट. मूल थाई कायद्याने थाईच राहतं, पण थाई पासपोर्ट काढायचा नाही. अशा मुलाने १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व जातं, असं याच कायद्यात लिहिलं आहे.

थायलंडमध्येच राहायचं असेल तर पहिला रस्ता घ्या, असं मी स्पष्ट सांगते. थाई मूल भारतीय पासपोर्टवर थायलंडमध्ये ये-जा करायला लागलं की त्याला स्वतःच्याच देशात परदेशी म्हणून शिक्के बसतात, आणि मग शाळेपासून विमानतळापर्यंत खुलासे देत बसावं लागतं. आम्ही थाई पासपोर्ट आणि ओसीआयच घेतलं. दुसऱ्या रस्त्याचा विचार करावा तो दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईला परतायचं पक्कं असेल तर. विशेषतः शिक्षणासाठी. मार्च २०२१च्या अधिसूचनेपासून नीट, जेईई यांसारख्या परीक्षांच्या प्रवेशात ओसीआयधारकांना अनिवासी भारतीयांच्या जागाच मिळतात, भारतीय नागरिकांसाठीच्या जागा नाहीत. मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात जावी अशी इच्छा असेल तर हे आजच माहीत असलेलं बरं.

गावच्या शेतीबद्दल आजोबा-आजी हमखास विचारतात, "मग सातबाऱ्यावर नातवाचं नाव लागणार नाही का?" लागू शकतं. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाहक्काने मिळू शकते. माझ्या वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी फोनवर तेच वाक्य माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

कुठलाही रस्ता घ्या, दोन पासपोर्ट एकाच वेळी कपाटात ठेवू नका. भारतात जन्मलेल्या मुलाचा भारतीय पासपोर्ट निघाला असेल आणि पुढे थाई पासपोर्ट काढायचं ठरलं, तर भारतीय पासपोर्ट दूतावासात रीतसर जमा करा. 'कुणाला कळतंय' म्हणून चालवलेली गोष्ट ओसीआयच्या अर्जात नेमकी उघडी पडते.

ओसीआयचं शुल्क परदेशातून अर्ज केल्यास २७५ अमेरिकी डॉलर. मूल वीस वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा, आणि विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट निघाला की एकदा कार्ड नव्याने घ्यायचं.

थाई जोडीदारालाही ओसीआय मिळतं. अट अशी की लग्न नोंदवलेलं असावं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. थाई नवऱ्याने किंवा बायकोने भारतीय नागरिकत्व घेण्याच्या फंदात पडू नये. भारत दुसरं नागरिकत्व सोडायला लावतो, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाचं थाई राष्ट्रीयत्व थाई कायद्यानेही जातं. मग थायलंडमधली जमीन, जी फक्त थाई माणसाच्या नावावर असू शकते, तिचा प्रश्न उभा राहतो.

मुलगा असेल तर सैन्याची चिठ्ठी

थाई मुलग्यांना ज्या वर्षी अठरावं लागतं त्या वर्षी सैन्याच्या यादीत नाव नोंदवावं लागतं, आणि एकविसाव्या वर्षी एप्रिलमध्ये निवडीला जावं लागतं. पुरेसे स्वयंसेवक नसले तर चिठ्ठ्या काढतात. काळी आली तर सुटका, लाल आली तर दोन वर्षांपर्यंत सेवा. शाळेत असताना 'रॉ डॉ'चं, म्हणजे आपल्या एनसीसीसारखं, तीन वर्षांचं प्रशिक्षण पूर्ण केलं तर चिठ्ठी काढावी लागत नाही.

याचा ओसीआयशी संबंध आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही, असा भारताचा नियम आहे. म्हणून मुलाचं कार्ड लहानपणीच काढून घ्या, रॉ डॉसाठी दहावीच्या सुमाराला नाव घाला, आणि लाल चिठ्ठी आलीच तर दूतावासाला लेखी विचारून लेखी उत्तर घ्या.

थाई कायद्यातही वीस वर्षं पूर्ण झाल्यावर एका वर्षात, दुसरं राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल तर थाई राष्ट्रीयत्व सोडत असल्याचं कळवावं, अशी तरतूद आहे. न कळवल्यास थाई राष्ट्रीयत्व आपोआप रद्द होत नाही. ओसीआय हे राष्ट्रीयत्व नसल्यामुळे पहिला रस्ता घेतलेल्या मुलांना हा प्रश्नच येत नाही.

तुम्ही स्वतः थाई व्हायचं का?

आधी कायमच्या वास्तव्याबद्दल. दर वर्षी एका देशाच्या १०० लोकांना हा परवाना मिळू शकतो, आणि भारतीयांची रांग लांब असते. एक-एक वर्षाच्या मुदतवाढीवर सलग तीन वर्षं काढल्यावर अर्ज करता येतो. अर्जाचे ७,६०० बाट परत मिळत नाहीत. मंजुरीनंतर थाई जोडीदार असलेल्यांना ९५,७०० बाट, इतरांना १,९१,४००. एवढं करूनही ९० दिवसांची नोंद टळते पण परत येण्याचा शिक्का सुटत नाही.

राष्ट्रीयत्वासाठी थाई माणसाच्या परदेशी बायकोला कलम ९ खाली थेट अर्ज करता येतो, कायमच्या वास्तव्याची पायरी न चढता. थाई बाईच्या परदेशी नवऱ्याला २००८च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांच्या वास्तव्याची आणि थाई भाषेची अट माफ आहे, पण नोकरी, कर आणि चारित्र्याचे कागद भक्कम लागतात. दोन्हींचा निर्णय मंत्र्यांच्या अधिकारात असतो आणि वर्षं लागतात.

ज्या दिवशी तुम्ही स्वेच्छेने थाई राष्ट्रीयत्व घ्याल, त्या दिवशी कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. (योगायोग असा की दोन्ही देशांच्या कायद्यांत हे कलम नऊच आहे.) अर्ज करावा लागत नाही, कुणी कळवावं लागत नाही. मग पासपोर्ट जमा करायचा, तसं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि माजी नागरिक म्हणून ओसीआय मागायचं. जमीन स्वतःच्या नावावर हवी असेल, व्यवसाय वाढवायचा असेल, तर हे पाऊल योग्य आहे आणि त्यात बेइमानी काही नाही. मी अजून टाकलेलं नाही. दर वर्षी १,९०० बाट भरून खिडकीशी बसते, कारण आई-वडील आहेत तोवर मला सांगलीच्या घरी व्हिसा किंवा कार्ड न दाखवता जायचं आहे. तुमचं कारण वेगळं असेल, पण निर्णय घ्यायच्या आधी घरच्यांशी बोलून घ्या.

विमानतळावर

सुवर्णभूमीवर मुलाने थाई पासपोर्ट दाखवायचा, जाताना आणि येतानाही. तुम्ही परदेशी लोकांच्या रांगेत, तो थाई रांगेत. लहान मूल असेल तर ज्याच्याकडे थाई पासपोर्ट आहे त्या पालकाने त्याला घेऊन जायचं. तुम्ही एकट्या असाल तर अधिकाऱ्याला विचारा, सहसा मुलाबरोबर थाई रांगेतून सोडतात. मुंबईला उतरल्यावर मुलाचा थाई पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही मूळ लागतात. फोनमधला फोटो चालत नाही. चेक-इनच्या खिडकीवरही कार्ड दाखवल्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. दोघांपैकी एकच पालक मुलाला घेऊन निघाला असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र खेतमधून करून घ्या आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. आमच्याकडे मुलाचा पासपोर्ट, ओसीआय कार्ड, संमतीपत्र आणि जन्मदाखल्याचं भाषांतर एकाच निळ्या चेनच्या पाकिटात असतं. ते पाकीट मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचं.